दिग्रसच्या दस्तरखानावर ब्राझील

ज्यांच्या घरात दहावीचे मूल आहे त्यांना ठाऊक असेल की राज्य मंडळाच्या भूगोलाच्या पुस्तकात दोनच देश आहेत, एक भारत आणि दुसरा ब्राझील. २०१८ साली हे पुस्तक आले तेव्हापासून आम्ही ते शिकवत आहोत. स्थान-विस्तार, हवामान, लोकसंख्या, व्यवसाय, प्रत्येक धड्यात हे दोन देश शेजारी शेजारी उभे केलेले आहेत. आमच्या दिग्रसच्या मुलांना ॲमेझॉनच्या उपनद्या पाठ असतात. अरुणावती धरणाचे पाणी पुढे कोणत्या नदीला मिळते असे विचारले, तर तीच मुले खिडकीबाहेर पाहू लागतात. (पैनगंगेला मिळते. पालकांनी घरी विचारून पाहावे.)

यंदा उजळणी चालू असताना मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. "सर, ये लोग खाते क्या हैं?" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि कॉफी, ऊस, सोयाबीन असे पुस्तकातले उत्तर दिले. मुलगा म्हणाला, "वो तो बेचते हैं सर. खाते क्या हैं?"

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी, म्हणजे आम्ही आणि आमच्या घरच्या, त्याही शिक्षिकाच आहेत, या प्रश्नाचा पिच्छा पुरवायचे ठरवले. दहावीच्या निरोप समारंभाला दरवर्षी समोसा आणि पेढा असतो. यंदा ब्राझीलचे खाणे ठेवायचे, पण सामान आपल्याच बाजारातले आणि सगळे हलाल.

दुसऱ्याच दिवशी एका पालकांचा निरोप आला की ब्राझीलच्या खाण्यात डुक्कर असते म्हणे. त्यांची शंका चुकीची नव्हती. फेजुआदा नावाचा जो पदार्थ तिथला राष्ट्रीय पदार्थ म्हणून मिरवतो, तो काळा घेवडा आणि डुकराचे मांस यांचा असतो. तो आपल्यासाठी नाही, विषय संपला. पण तिथल्या साध्या घरातले रोजचे जेवण म्हणजे भात आणि घेवड्याची दाट आमटी, त्यात वाईट काय आहे? शिवाय हलाल कोंबडी जगात सर्वांत जास्त निर्यात करणारा देश ब्राझीलच आहे. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या किती भावांनी तिथली कोंबडी खाल्ली असेल, त्यांनाही पत्ता नसेल. हे आम्ही त्या पालकांना सांगितले. ते म्हणाले, "ठीक है, लेकिन यादी पहले दिखाना." यादी दाखवली. ते पुढे मदतीलाही आले, ते ओघात येईलच.

सामानासाठी रविवारी यवतमाळ गाठले. दिग्रसहून दारव्हा मार्गे एसटी जाते. दारव्हा आले की आम्हाला शकुंतला आठवतेच. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकली होती. काही वर्षांपासून ती बंद आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि विलायतेच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, तेव्हा त्यांनी हात पसरले ते वऱ्हाड, इजिप्त आणि ब्राझीलकडे. म्हणजे शकुंतला यायच्या कितीतरी आधी आपल्या काळ्या मातीतला कापूस आणि ब्राझीलचा कापूस लँकेशायरच्या एकाच बाजारात उतरत होता. हे आम्ही बसमध्ये आमच्या घरच्यांना सांगत होतो. त्या म्हणाल्या, "कोको पावडरची यादी कुठे ठेवली?"

यवतमाळला मेन लाईनवर कोको, मिल्कमेडचे डबे, चीज आणि लोणी मिळाले. मुख्य वस्तू मात्र दिग्रसच्या कोणत्याही किराणा दुकानात होती, साबुदाणा. आपल्याकडे साबुदाणा म्हटला की शेजारच्या वहिनींचा उपवास किंवा रमजानमधली खीर आठवते. हा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, ब्राझीलच्या भागातला. आपल्याकडे त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या बाजूला आहेत. तिथल्या लोकांची भाकरी म्हणा की पीठ म्हणा, सारे काही या कंदावर चालते. आणि एकटा साबुदाणाच नव्हे. काजू, शेंगदाणा, पपई, अननस, मिरची ही सगळी दक्षिण आणि मध्य अमेरिकेकडची मंडळी पोर्तुगीजांच्या गलबतांतून फिरत फिरत इकडे आली. १५०० साली काब्राल नावाचा पोर्तुगीज दर्यावर्दी हिंदुस्थानकडे निघाला असता आधी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत पुढे कालिकतला पोहोचला. काजू आणि अननस हे शब्दसुद्धा ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडी बसले आणि तिथून मराठीत आले. मुलांना हे सांगितले तेव्हा वर्ग पहिल्यांदा खरोखर गप्प झाला. मिरचीशिवाय वऱ्हाड ही कल्पनाच त्यांना करवेना.

आता पदार्थांकडे येऊ. पहिल्यांदा चाखणाऱ्याने सुरुवात पाँव जी केझू या पदार्थाने करावी. पाँव म्हणजे आपला पाव, शब्द तोच आहे. केझू म्हणजे चीज. मिनास जेराईस या राज्याची ही खासियत आहे. लिंबाएवढे गोळे, बाहेरून कुरकुरीत, आतून चिवट आणि मऊ. त्यात मैदा अजिबात नसतो, सगळे कसाव्याच्या पिठाचे. आमचा पहिला प्रयत्न पार फसला. खिचडीसारखा साबुदाणा भिजवून वाटला आणि गोळे भाजले, तर ते गोट्यांसारखे टणक झाले. आमच्या अम्मींनी एक उचलून दाताने दाबून पाहिला आणि काही न बोलता बशीत परत ठेवला.

दुसऱ्या वेळी कोरडा साबुदाणा मिक्सरमधून काढून मैद्याच्या चाळणीने चाळला. दोन वाट्या पीठ घेतले. अर्धी वाटी दूध, पाव वाटी तेल आणि मीठ एकत्र उकळून ते गरम गरम पिठावर ओतले. निवल्यावर एक अंडे आणि वाटीभर किसलेले चीज घालून मळले. जुन्या कुकरच्या तळाला मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून, वर ताटली ठेवून पंचवीस मिनिटे मंद आचेवर भाजले. यावेळी साधले. मात्र हे गरमच खावेत. निवले की चिवटपणा वाढतो आणि मग पाहुणा चेहरा लपवत चावत बसतो.

दुसरा पदार्थ कोशिन्या. मैदा कोंबडीच्या उकळत्या रश्श्यात मळतात, आत उकडून पिंजलेली कोंबडी भरतात, कोंबडीच्या तंगडीसारखा आकार देऊन पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. आधी उल्लेख केलेल्या पालकांनी दोन कोंबड्या स्वतः आणून दिल्या. मुलांना हा पदार्थ सर्वांत जास्त आवडला, आणि आमच्या मते तो सर्वांत सामान्य होता. चांगला सीक कबाब खाल्लेल्या माणसाला त्यात विशेष काही वाटणार नाही. असो, मुलांपुढे कोणाचे चालते?

पास्तेल म्हणजे मैद्याची पातळ, फुगलेली, चौकोनी करंजी, आत खिमा किंवा चीज. आठवडी बाजारात तिथे ती विकतात आणि तिच्याबरोबर उसाचा रस देतात. होय, आपला रसवंतीचा रस! उसाच्या उत्पादनात जगात पहिले दोन देश म्हणजे ब्राझील आणि भारत. पुस्तकातला तो आलेख मुलांनी पेल्यातून प्यायला. इथे एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. ब्राझीलमध्ये पुष्कळ ठिकाणी पास्तेलचे पीठ कुरकुरीत व्हावे म्हणून त्यात उसाच्या दारूचा चमचा घालतात. आपण लिंबाचा रस घालावा, काम तेच होते. कोणाचा मुलगा किंवा जावई कामानिमित्त तिकडे गेला, तर त्याला पोर्कू म्हणजे डुक्कर, प्रेझुंतू म्हणजे डुकराच्या मांसाचे काप आणि बान्या म्हणजे डुकराची चरबी हे तीन शब्द निघण्याआधी पाठ करून द्यावेत. पोट फार बिघडण्यापेक्षा ईमान सांभाळणे सोपे जाते. त्याला तिथे एस्फीहा आणि कीबी हे पदार्थ कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतील. नावे ऐकून चकित होऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सीरिया-लेबनॉनकडून गेलेल्या लोकांनी ते तिकडे नेले. त्या लोकांत ख्रिस्ती पुष्कळ आणि मुसलमानही होते. तेव्हा पदार्थ अरबी आहे म्हणून तो हलालच असेल असे समजू नये, विचारावे.

आता ज्या पदार्थासाठी हा लेख लिहायला बसलो त्याच्याकडे येतो.

ब्राझीलच्या बाहिया प्रांतात साल्वादोर शहरात रस्त्यावर बायका आकाराजे विकतात. पांढरे झगे, डोक्याला पांढरे फडके, पुढ्यात कढई. बरबटी भिजवायची, साल काढायची, कांदा घालून वाटायची, हाताने फेसायची आणि लालभडक पामतेलात वडे तळायचे. मग वडा फोडून त्यात तिखट आणि सुकी कोळंबी भरतात. वाचकहो, यातले पामतेल आणि कोळंबी बाजूला ठेवली की उरते काय? बरबटीचे वडे! पश्चिम महाराष्ट्रातले वाचक तिला चवळी म्हणतील. आमच्या वऱ्हाडात ती बरबटी, आणि पावसाळ्यात तिचे वडे झाले नाहीत असे घर नाही.

हा वडा आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी ब्राझीलला नेला. नायजेरियाच्या उत्तरेकडचे हौसा मुसलमान आजही बरबटीचे हे वडे खातात आणि रमजानमध्ये इफ्तारला करतात. त्या गुलामांत मुसलमान होते, कुराण शिकलेले, अरबी लिहिता येणारे. १८३५ च्या जानेवारीत, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, साल्वादोरच्या मुसलमान गुलामांनी आणि सुटका झालेल्या आफ्रिकींनी बंड केले. बेत आधीच फुटला आणि काही तासांतच बंड मोडले गेले. कित्येक मारले गेले, कित्येकांना फटके बसले, कित्येकांना हद्दपार केले. त्यांच्याजवळ अरबीत लिहिलेले कागद सापडले, त्यांत कुराणाच्या आयती होत्या. ब्राझीलमध्ये गुलामी संपली ती १८८८ साली. हे पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून आम्ही ते वर्गात सांगितले. हेही सांगितले की आज बाहियात आकाराजेचा संबंध आफ्रिकी मूळ असलेल्या एका वेगळ्या धर्माच्या पूजेशी आहे, तिथे तो नैवेद्य म्हणूनही ठेवतात. पूजेचा असेल तो आपण घेणार नाही. आपल्या कढईतल्या वड्याशी त्याचा काही संबंध नाही.

आणि इथे आमच्या हातून चूक झाली. वर्गातल्या एका मुलीची आई संध्याकाळी बस स्टँडजवळ गाडीवर भजी आणि बरबटीचे वडे तळते. मुलगी हुशार आहे, पहिल्या पाचांत असते. गोष्टीच्या ओघात आम्ही भर वर्गात म्हणून गेलो, "आपल्याला आकाराजे शोधायला दूर जायला नको, हिच्या अम्मी रोज तळतात." आम्हाला वाटले आपण कौतुक केले. मुलीची मान खाली गेली ती तास संपेपर्यंत वर आली नाही. ही गोष्ट तिने तीन वर्षे कोणाला कळू दिली नव्हती, हे नंतर कळले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वर्गात दोघा-तिघांनी तिचे नावच "आकाराजे" ठेवल्याचेही कानावर आले.

वीस वर्षे शिकवूनही ज्या गोष्टी माणसाला कळत नाहीत, त्यांतली ही एक. मगरिबनंतर आम्ही दोघे तिच्या घरी गेलो. आईने चहा टाकला. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर येईना. आम्ही दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो की चूक आमची आहे, न विचारता बोललो, माफ कर. आत शांतता. आई म्हणाली, "सर, मुझे शरम नहीं। इसको है। मैं बोलती हूँ, हलाल की कमाई है, पर बच्ची है।" मग थोडे थांबून म्हणाली, "दसवीं के बाद वैसे भी बिठाना ही था घर में। दुकान पे हाथ लगता।" तेव्हा आम्हाला कळले की गोष्ट फक्त दोन दिवसांच्या गैरहजेरीची नव्हती. आमच्या घरच्या आत गेल्या आणि अर्धा तास आतच होत्या. काय बोलणे झाले ते त्यांनी आम्हाला आजवर सांगितले नाही.

समारंभाच्या दिवशी मुलगी आली. आईही आली, कढई आणि स्टोव्ह घेऊन. आम्ही सुचवले होते की वडे घरून आणा, गरम करू. त्या म्हणाल्या, थंड वडा कोण खातं? शाळेच्या ओट्यावर त्यांनी स्टोव्ह मांडला. बरबटी रात्रभर भिजवलेली, सालीसकट जाडसर वाटलेली, त्यात कांदा, हिरवी मिरची, लसूण, जिरे, भरपूर सांबार. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी.) मुलीने फळ्यासमोर उभे राहून साल्वादोरच्या बायकांविषयी वाचून दाखवले. कागद आमचा होता, पण शेवटी एक वाक्य तिने स्वतः घातले होते, की त्या बायकांच्या या कामाची तिथल्या सरकारने राष्ट्राचा वारसा म्हणून नोंद केली आहे. ते तिने कुठूनतरी शोधले होते. आम्ही पडताळून पाहिले, ते बरोबर आहे.

वडे पहिल्यांदा संपले. पाँव जी केझू उरले, कारण वाढेपर्यंत निवले.

पालकांपैकी एक शेतकरी भाऊ कोपऱ्यात बसून शांतपणे खात होते. आम्ही विचारले, कसे वाटले ब्राझील? ते म्हणाले, "सर, तुमच्या पुस्तकातला ब्राझील आमाले बाजार समितीत भेटते. तिकडं सोयाबीन जास्त पिकलं का इकडं आमचा भाव पडते, असं व्यापारी सांगते." सोयाबीन पिकवण्यात ब्राझील जगात पहिला आहे, हे धड्यात आहे. मुले तेही पाठ करतात. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरात तेच सोयाबीन पोत्यांत भाव वाढण्याची वाट पाहत पडलेले असते. त्या भाऊंनी वडा सोयाबीनच्याच तेलात तळलेला आहे का म्हणून विचारले. होता. ते हसले आणि आणखी एक घेतला.

गोड पदार्थ राहिला. ब्रिगादेरू म्हणजे कोकोचे लाडू. मिल्कमेडचा एक डबा, तीन चमचे कोको, चमचाभर लोणी, मंद आचेवर भांड्याचा तळ सुटेपर्यंत ढवळायचे, निवल्यावर हाताला लोणी लावून वळायचे. वाढदिवसाला केक आणण्यापेक्षा हे बरे, खर्चही कमी. त्याहून आम्हाला आवडला तो काजुझिन्यू. नाव काजूचे, पदार्थ शेंगदाण्याचा. भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट आणि मिल्कमेड आटवून काजूच्या फळाचा आकार द्यायचा. ज्यांच्या दातांना चालत नाही त्यांच्यासाठीही ठीक आहे. आमच्या अम्मींनी, ज्यांनी पहिल्या दिवशी तो साबुदाण्याचा गोळा परत ठेवला होता, याचे चार खाल्ले आणि म्हणाल्या, "ये तो चिक्की का नरम भाई है."

येत्या रमजानमध्ये कोणाला इफ्तारला काही नवे करायचे असेल तर आमचे सांगणे असे की पाँव जी केझू पहिल्या दिवशी करू नका, रोज्यात हात बसत नाही आणि अजानच्या वेळी ते निवतात. बरबटी रात्री भिजवा, असरनंतर वाटा, ऐन वेळी तळा. साल काढून, नुसता कांदा घालून, हाताने चांगली फेसून केलीत तर वडा कापसासारखा हलका होतो, तो बाहियाचा. सालीसकट, मिरची-लसूण घालून केलीत तर तो दिग्रसचा. दोन्ही एकाच कढईत तळता येतात. काजुझिन्यू आदल्या दिवशी करून ठेवले तरी चालतात.

दहावीचा निकाल लागला. मुलीला चांगले गुण मिळाले आणि तिने अकरावीला प्रवेश घेतला. संध्याकाळी ती कधी कधी आईच्या गाडीशेजारी स्टुलावर पुस्तक घेऊन बसलेली दिसते. आम्ही गेलो की उठून सलाम करते, आणि आमच्या वड्यासोबतची तळलेली मिरची हमखास सर्वांत मोठी असते. माफी झाली की अजून नाही, ते मिरची खाऊन कळत नाही.